जीवन मिस्त्रीची सकाळ

आदिलाबादशेजारच्या मावल्यात आमच्या घराला लागून दोन खोल्या आहेत, तिथे जीवन मिस्त्री राहतो. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, फिटर आहे. दिवाळी झाली, कापूस यायला लागला, की आदिलाबादच्या चारी बाजूंच्या जिनिंगमधून त्याला फोन येतात. मशीन चालू असताना नुसता कान देऊन कुठला रोलर झिजलाय, कुठली बेअरिंग जाणार आहे, हे तो सांगतो. बोलणं कमी, हात पक्का. वय एकोणचाळीस.

मी त्याला लहानपणापासून ओळखतो. आमचं दोघांचं गाव एक, बाजारहत्नूरकडचं. त्याचे वडील मारोतराव आणि माझे वडील नागोराव, दोघंही भगवंतराव पाटलांच्या घरी सालगडी होते. आम्हाला शेत नव्हतं, मारोतरावांना तीन एकर कोरडवाहू होतं, पण त्यावर घर चालत नव्हतं. मी शिकलो, मराठी शाळेत मास्तर झालो. जीवन दहावीनंतर मशीनच्या मागे लागला. आता शेजारी असलो तरी तो मला 'सर'च म्हणतो.

मारोतरावांचं गावात एकच नाव होतं, आळशी. पहाटे सगळे गडी बैल सोडायला निघत, तेव्हा हे बाजेवर. ऊन अंगणात उतरलं की उठत, मग खांब धरून उभे राहत, भिंतीच्या आधाराने दोन-चार येरझारा घालत. तोवर त्यांची बायको लक्ष्मीबाई गोठा, चूल, पाणी सगळं उरकून बसलेली असे. दुपारी मात्र हाच माणूस वखरामागे उभा राहिला की संध्याकाळपर्यंत बसत नसे. पण दुपार कोणी पाहत नाही. दोन वर्षं झाली तेव्हा पाटलांनी त्यांना काढून टाकलं. सूर्य डोक्यावर आल्यावर उठणारा गडी मला नको, असं पाटील चावडीवर चारचौघांत बोलले. पुढे मारोतरावांची पाठ वाकत गेली. पन्नाशीत ते इतके वाकले की समोरच्याचं तोंड पाहायचं तर कुशीवर वळल्यासारखं अंग वळवून पाहायचे. ज्वारीची पोती वाहून पाठ गेली, असं लोक म्हणत.

जीवनला बापाची लाज वाटायची. सोळाव्या वर्षी तो कामाला म्हणून आदिलाबादला निघाला. त्या दिवशी मी तिथेच उभा होतो. मारोतराव बाजेच्या कडेला बसले होते. जीवन पिशवी खांद्याला लावून म्हणाला, "तुमच्यासारखं लोळून मले जगता येत नाई."

लक्ष्मीबाईने तोंडाला पदर लावला. जीवन गेला.

जिनिंगमध्ये त्याने झाडूपासून सुरुवात केली आणि आठ-नऊ वर्षांत फिटर झाला. सगळ्यांच्या आधी हजर, हे त्याचं ब्रीद. पंचविसाव्या वर्षी त्याचं अश्विनीशी लग्न झालं. आणि लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी त्याला उठताच येईना. कंबरेच्या खाली, दोन्ही कुल्ल्यांत आत खोलवर कोणीतरी पाचर ठोकल्यासारखं. कूस बदलायची तरी दात आवळावे लागत. अर्धा-पाऊण तास हातपाय हलवल्यावर अंग सुटलं, आणि दुपारपर्यंत काही झालंच नव्हतं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही. त्याऐवजी तो आणखी लवकर उठायला लागला. सहाला निघायचं तर साडेचारला. अंधारात अंगणात चालायचं, अंग मोकळं करायचं, आणि अश्विनी उठायच्या आत सरळ उभं राहायचं. मशीनवाल्याला पहाटेची सवय असते, असं तिला सांगितलं. तिला आठवड्यात कळलं. पण नवऱ्याला लपवायचं आहे हे पाहून तीही गप्प राहिली. फक्त पहाटे चुलीवर गरम पाण्याचं एक भगोनं दिसायला लागलं. तेव्हा त्यांच्याकडे गॅस नव्हता.

असं बारा वर्षं चाललं. मधल्या काळात दवाखाने झाले नाहीत असं नाही. आदिलाबादच्या डॉक्टरने "नडुम नोप्पी?" म्हणजे कंबर दुखते का, असं तेलुगूत विचारलं, कंबरेचा एक्सरे काढला, मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला आणि सक्त विश्रांती सांगितली. तो मे महिना होता, जिनिंग बंद. जीवन तीन आठवडे पलंगावर पडून राहिला आणि चौथ्या आठवड्यात त्याला धरून उठवावं लागलं. मग पावसाळ्यात मशीनची दुरुस्ती निघाली, कार्तिकात हंगाम सुरू झाला, आणि बारा-बारा तास उभं राहून त्याची कंबर सुधारली. जिनिंगचा मॅनेजर हसून म्हणाला की आमचा मिस्त्री सुट्टीत आजारी पडतो आणि सीझनला बरा होतो. सगळे हसले. जीवनही हसला.

या वर्षी जानेवारीत मला हे कळलं. आमच्याकडे नळ पहाटे येतो. मी मोटर लावायला बाहेर आलो तर कंपाउंडची भिंत धरून एक म्हातारा माणूस चाललेला दिसला. पाय उचलत नव्हता, घासत होता. कोण आहे म्हणून बॅटरी मारली तर जीवन. तासाभराने तोच माणूस मोटारसायकलला किक मारून जिनिंगला गेला.

संध्याकाळी मी त्याला गाठलं. बराच वेळ त्याने विषय टाळला. शेवटी म्हणाला, "सर, गावाकडं कोनाले सांगू नका. बापाले होतं तेच मले होऊन राह्यलं. आळस रक्तात हाय आमच्या. मी रोज उठून त्याले मारतो, पन तो काही जात नाई."

हा माणूस बारा वर्षं पहाटे साडेचारला उठत होता, आणि स्वतःला आळशी समजत होता.

आमच्या शाळेतल्या एका बाईंच्या भाच्याला अशीच कंबर होती, तो नागपूरला संधिवाताच्या डॉक्टरांकडे जातो, एवढं मला माहीत होतं. मी पत्ता काढला. जीवन भर हंगामात सुट्टी घ्यायला तयार नव्हता. अश्विनीने मॅनेजरला स्वतः फोन केला आणि तीन दिवस मागून घेतले. घरात दोन लेकरं आणि त्यांची शाळा, म्हणून ती थांबली आणि मी सोबत गेलो. बसमध्ये पैनगंगेचा पूल ओलांडेपर्यंत जीवन बसला होता. पांढरकवड्यापासून पुढे तो उभाच राहिला, जागा असूनही. कंडक्टरने दोनदा बसायला सांगितलं.

नागपूरच्या डॉक्टर बाई पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी कंबरेला हात लावण्याआधी नुसते प्रश्न विचारले. दुखणं कितव्या वर्षी लागलं. सकाळी अंग किती वेळ आखडतं. चालल्याने बरं वाटतं की पडून राहिल्याने. पहाटेच्या आधी दुखण्याने जाग येते का. कधी डोळा लाल होतो का. टाच दुखते का. जीवन उत्तरं देत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला, ह्या बाई आपल्या घरात राहून गेल्या की काय, असा. टाचेला मात्र तो नाही म्हणाला.

एक्सरेत स्पष्ट काही सांगता येत नव्हतं. बाईंनी एमआरआय लिहून दिला. खाली एमआरआयच्या खोलीबाहेर एक फॉर्म भरायचा होता, त्यात अंगात कुठे लोखंड आहे का, असा प्रश्न होता. जीवनने भरता भरता सहज सांगितलं की सहा वर्षांपूर्वी ग्राइंडरवर काम करताना डाव्या डोळ्यात पोलादाची किरच गेली होती. मोठी काढली, बारीकशी खोल आत आहे, डॉक्टरांनी राहू द्या म्हटलं, दिसायला काही त्रास नाही. तिथल्या माणसाने पेन खाली ठेवला. म्हणाला, हे मशीन म्हणजे भलं मोठं चुंबक आहे, आत गेलात तर ती किरच डोळ्यात सरकेल. आम्हाला परत वर पाठवलं.

मग बाईंनी बोन स्कॅन सुचवला. हाताच्या शिरेत थोडं किरणोत्सर्गी औषध टोचतात. ते रक्तातून हाडांत जातं, आणि जिथे हाडाची झीज किंवा घडण जास्त चालली असेल, सूज असेल, तिथे जास्त जमतं. तीन तासांनी कॅमेऱ्याखाली झोपायचं. हे मशीन अंगात काही सोडत नाही, अंगातून जे बाहेर येतं ते टिपतं. जीवनने लक्ष देऊन ऐकलं.

"म्हंजे कोनती बेअरिंग गरम होऊन राह्यली ते हात लावून पाह्यल्यासारखं," तो म्हणाला.

बाई हसल्या. तसंच समजा म्हणाल्या. पण एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. कंबरेच्या खाली, माकडहाडाच्या वरच्या रुंद हाडाला दोन्ही बाजूंनी खुब्याची हाडं जिथे जुळतात, ते सांधे चांगल्या माणसाच्या स्कॅनमध्येही थोडे काळे दिसतात, कारण सगळा भार तिथे असतो. म्हणून नुसतं पाहून चालत नाही, मधल्या हाडाशी तुलना करून आकडा काढतात. तुमचा एमआरआय होत नाही म्हणून हा मार्ग. नुसत्या या चित्रावर मी निकाल देणार नाही, रक्ताची एक तपासणीही करू, मला ज्या आजाराची शंका आहे त्याची एक खूण रक्तात सापडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजेक्शन झालं. टोचणाऱ्या ताईंनी भरपूर पाणी प्या आणि लघवीला जात राहा म्हणून सांगितलं. आज दिवसभर लहान लेकरांना जवळ घेऊ नका, गरोदर बाईजवळ बसू नका, हेही सांगितलं. जीवन माझ्याकडे पाहायला लागला. माझी धाकटी बहीण अर्पिता नागपूरला असते, तिला सातवा महिना होता, आणि आदल्या दिवशीपासून आमचा मुक्काम तिच्याकडेच होता. त्याने तिथूनच ठरवलं की आज आपण लॉजवर राहू. ताई म्हणाल्या की वेगळ्या खोलीत राहिलात तरी पुरे. पण तो ऐकेना. अर्पिताने संध्याकाळी नवऱ्याच्या हातून दोघांचा डबा पाठवला. त्यात पुरणाच्या पोळ्या होत्या आणि जीवनला त्याचा फार संकोच झाला.

स्कॅनच्या वेळी मी काचेच्या बाहेर बसलो होतो. अरुंद, कडक पाट होता. त्यावर उताणं झोपायचं, हात अंगाला लावून, आणि अर्धा तास हलायचं नाही. दुसऱ्या कोणाला हे सोपं गेलं असतं. ज्याचं दुखणंच स्थिर पडून राहिल्याने वाढतं त्याला ते कसं गेलं असेल ते मी पाहत होतो. कॅमेऱ्याची चौकोनी पाटी त्याच्या तोंडावरून हळूहळू पायांकडे सरकत होती. पाय तेवढे ताठ झालेले दिसत होते. आधी पूर्ण अंगाचं चित्र झालं, मग नुसत्या कंबरेभोवती कॅमेरा फिरवून पुन्हा एक घेतलं. तो हलला नाही.

संपल्यावर त्याला उठता येईना. ताई जवळ गेल्या. तो घाईघाईने म्हणाला, "आळस नाई ताई, एक मिनिट द्या फक्त."

"सावकाश उठा, तुमच्या मागे कोणाचा नंबर नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी हात पुढे केला. एखाद्या अनोळखी बाईचा हात धरून उठण्याची त्याची ती पहिलीच वेळ असेल.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर बाईंनी पडद्यावर चित्र लावलं. पांढऱ्यावर बारीक काळ्या ठिपक्यांनी काढलेला माणूस, समोरून आणि पाठीमागून. बरगड्या, मणके, गुडघे. मूत्राशय काळं, ते औषध बाहेर पडतं म्हणून, त्याकडे लक्ष देऊ नका म्हणाल्या. पाठीमागच्या चित्रात कंबरेखाली दोन तिरप्या काळ्या पट्ट्या होत्या. उजवी जास्त गडद. आकडाही दोन्हीकडे वाढलेला होता.

जीवनने पडद्याच्या खालच्या टोकाकडे बोट केलं. उजव्या टाचेच्या मागे एक काळा ठिपका होता. "हे?"

"टाच दुखत नाही म्हणालात तुम्ही."

त्याने बोट मागे घेतलं. मग म्हणाला की दुखते, चार-पाच वर्षांपासून. बूट कडक आहे म्हणून दुखत असेल असं वाटायचं, म्हणून सांगितलं नाही.

बाईंनी सगळं एकत्र सांगितलं. रक्तातली ती खूण सापडली आहे. दुखण्याची हकीकत बारा वर्षांची आहे आणि ती ह्याच आजाराची आहे. स्कॅनमध्ये कंबरेच्या दोन्ही सांध्यांना सूज दिसते, टाचेलाही. तेव्हा हा मणक्याचा सुजेचा संधिवात आहे. मणक्यात गॅप वगैरे काही नाही. पूर्ण जाणार नाही, पण आवरता येतो. आणि पलंगावर पडून राहणं हे याचं औषध नव्हे, उलट आहे.

जीवनने विचारलं, "म्याडम, हे आळसानं होते का?"

बाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. त्यांना प्रश्न कळला नाही असं आधी वाटलं. मग म्हणाल्या, "आळशी माणूस पहाटे साडेचारला उठून तासभर चालत नाही. कोणी न सांगता तुम्ही व्यायामच करत होतात. म्हणून तर पाठ अजून सरळ आहे."

पुढचा प्रश्न त्यांनी कागदाकडे पाहतच विचारला. घरात कोणाची पाठ वाकलेली आहे का?

जीवन खिडकीबाहेर पाहत राहिला. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, त्यांच्या वडिलांची.

परतीची बस पांढरकवड्याला थांबली. तिथे चहा घेताना म्हणाला, रविवारी गावाला येता का सर. मी हो म्हटलं.

रविवारी आम्ही बाजारहत्नूरला गेलो, तिथून पुढे गावात. मारोतराव आता अडुसष्ट वर्षांचे आहेत. अंगणात बाजेवर बसले होते. माझे वडीलही आले, दोघं रोज दुपारी एकत्र बसतात. जीवनने पाकिटातून तो स्कॅनचा कागद काढला. उभं राहून दाखवला असता तर बापाला दिसला नसता. म्हणून तो जमिनीवर बसला, कागद बापाच्या पायाशी मातीवर पसरला, आणि वर तोंड करून बोलायला लागला.

त्याने आधी आपलं सांगितलं. बारा वर्षांचं सगळं. लक्ष्मीबाई दारात उभी राहून ऐकत होती. मग त्याने त्या दोन पट्ट्यांवर बोट ठेवलं. म्हणाला, "बाबा, डॉक्टरीन म्हनते हा रोग हाय. बापाकडून लेकात येऊ शकते. सकाळी अंग धरते, दुपारी सुटते. तुमाले बी हेच होतं."

मारोतराव कागदाकडे पाहत राहिले. पट्ट्यांवरून त्यांनी नखाने हलकेच रेघ ओढली.

"मले कोनी इचारलंच नाई," ते म्हणाले. "मले तं वाटे का मीच कामचोर हावो."

माझे वडील तेव्हा बोलले. पाटलांकडे असताना दोन वर्षं मारोतीच्या वाट्याचे बैल पहाटे तेच सोडत होते, चारापाणीही तेच करत होते. ज्या आठवड्यात ते स्वतः तापाने पडले त्याच आठवड्यात पाटलांच्या लक्षात आलं. ही गोष्ट मी माझ्या वडिलांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली. मी विचारलं, तेव्हाच पाटलांना का नाही सांगितलं. ते म्हणाले, "काय सांगतो? का ह्याले दुखते? दुपारी हा दोन गड्यांचं काम करे. कोन खरं मानते?"

जीवनने बापाचे पाय धरले. माफी वगैरे शब्द आमच्याकडे बापलेकांत वापरत नाहीत. मारोतरावांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, आणि वाकलेले असल्यामुळे त्यांचं कपाळही जवळजवळ त्याच्या डोक्याला टेकलं. लक्ष्मीबाई आत गेली. बऱ्याच वेळाने चहा घेऊन आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. एवढंच म्हणाली की चाळीस वर्षं गावानं बोललं, मी बी कदी कदी बोलले.

एप्रिलमध्ये जीवन वडिलांना नागपूरला घेऊन गेला. डॉक्टर बाईंनी स्पष्ट सांगितलं की त्यांचे मणके आता एकमेकांना जुळून गेले आहेत, पाठ सरळ होणार नाही. पण पडू नका, पडलात तर असं हाड लवकर मोडतं, आणि डोळे तपासून घ्या. श्वासाचे काही व्यायाम दिले. मारोतराव ते करतात. गावात कोणी विचारलं तर त्या रोगाचं लांबलचक नाव ते अर्धवट सांगतात, पण सांगतात.

जीवनला आधी दिलेली गोळी पोटाला मानवली नाही, महिनाभरात बदलावी लागली. दुसरी लागू पडली. सकाळचं आखडणं तासावरून पंधरा-वीस मिनिटांवर आलं. मध्ये नार्नूरला नव्या जिनिंगची मशीनं बसवायला गेला, तेव्हा दहा दिवस गोळी चुकवली आणि पुन्हा भिंत धरायची वेळ आली. तेव्हापासून अश्विनी डबीत मोजून गोळ्या भरते. ह्याने भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत, असं बाईंनी सांगून ठेवलंय. मॅनेजरलाही त्याने एकदाचं सांगून टाकलं. मॅनेजर म्हणाला की मधूनमधून चालून येत जा, कोणी काही म्हणणार नाही.

लेकरांची त्याला काळजी वाटते. मोठी मुलगी बारा वर्षांची आहे. तिची रक्ततपासणी करू का, असं त्याने फोनवर विचारलं, तर बाई म्हणाल्या की आत्ता नको, ती खूण असलेल्या पुष्कळ लोकांना काही होत नाही. पुढे कधी सकाळी अंग धरलं तर मात्र घेऊन या, आणि तिला रागवू नका. हे त्याने मला दोन-तीनदा सांगितलं आहे.

पुढची तपासणी जूनच्या शेवटी आहे. माझी शाळा सुरू झालेली असेल, मला जमणार नाही. ह्या वेळी अश्विनी जाणार आहे. लेकरं चार दिवस गावाला लक्ष्मीबाईकडे राहतील, असं ठरलंय, आणि अर्पिताच्या बाळासाठी घेतलेलं कुंची-अंगडं अश्विनीने आत्ताच पिशवीत भरून ठेवलं आहे.